उल्लेखनीय वापर झाला नाही

कपेलडाइक,
२० ऑक्टोबर १९८३

प्रिय लीवेन,

आपल्या पवनचक्कीवरचं तुझं पुस्तक मिळालं. छपाई छान आहे, कागद जाड आहे, मुखपृष्ठावरचं चित्रही देखणं आहे. फक्त चित्रकाराने पाती उलटी लावली आहेत. तशा पात्यांनी आपली चक्की पहिल्याच वाऱ्यात मागे फिरली असती आणि धान्याऐवजी माझे आजोबा भरडले गेले असते. पण ती चूक तुझी नव्हे. तुझ्या चुका वेगळ्या आहेत आणि त्यांच्याबद्दलच लिहायला बसले आहे. पुस्तक मी दोनदा वाचलं, एकदा चष्मा लावून आणि एकदा रागाने. पुस्तकाच्या मागोमाग नगरपालिकेचा हुकूमही आला. ही इमारत माणसांनी राहायला अयोग्य आहे, एक नोव्हेंबरपर्यंत रिकामी करावी, चक्कीला पुन्हा पाती लावणाऱ्या तुमच्या समितीच्या कागदावर सही करून माझा हिस्सा द्यावा, आणि माझ्यासाठी वृद्धाश्रमात लिफ्टजवळची खोली राखून ठेवली आहे. अयोग्य इमारतीत मी पस्तीस वर्षं राहिले. मग अयोग्य कोण, इमारत की मी, एवढं त्यात स्पष्ट लिहायला हवं होतं.

सप्टेंबरात तू त्या वास्तुविशारदाला घेऊन मोजमापं घ्यायला आलास तेव्हा मला, सख्ख्या मावशीला, ‘नेलाबाई’ म्हणालास. आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं तशा आवाजात म्हणालास, “नेलाबाई, या वयात एवढ्या पायऱ्या झेपत नसतील तुम्हाला.” मी म्हटलं, “झेपत नसत्या तर तुझ्या आधी वर कशी पोचले असते?” तुझा वास्तुविशारद हसला, तू हसला नाहीस. त्या बाबतीत तू थेट बापावर गेला आहेस. पण वर पोचल्यावर तू जात्याच्या दगडावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलास. ते मी पाहिलं. त्या एका गोष्टीमुळे हे पत्र फाडून टाकण्याच्या लायकीचं होऊ नये म्हणून जपून लिहिते आहे.

चौथ्या पानापासून सुरुवात करू. तू लिहिलं आहेस की चक्की १८११ साली माझ्या पणजोबांच्या वडिलांनी बांधली. ते १८०९ मध्येच वारले होते, लीवेन. चर्चच्या आवारात त्यांचा दगड आहे, जाऊन बघ. चक्की बांधली त्यांच्या बायकोने, याकोबाने. चार लेकरं पदरात असताना. जहागीरदाराच्या चक्कीवरच दळायचं ही जुनी सक्ती तेव्हा कागदावरून गेली होती, पण लोकांच्या मनातून गेली नव्हती. त्याचा चक्कीवाला दारोदार सांगत फिरला की विधवेच्या चक्कीत पीठ आंबट होतं. याकोबाने काय केलं, तर बैलगाडीत पाव भरले आणि दोन रविवार चर्चच्या दारात उभी राहून प्रत्येकाच्या हातात एकेक दिला. “आंबट लागला तर परत आणून द्या,” म्हणाली. कुणीही परत आणला नाही. म्हणून तर जुनी माणसं अजून ‘विधवेची चक्की’ म्हणतात. तुला हे कुणी सांगितलं नाही? बहुधा तू बायकांना विचारलंच नाहीस.

माझे बाबा, म्हणजे तुझे आजोबा मारिनस, शेवटचे चक्कीवाले. त्यांच्याबद्दल तू ‘काळाच्या ओघात चक्की बंद पडली’ असं लिहिलं आहेस. चक्की काळाच्या ओघात बंद पडली नाही. ती एका मंगळवारी सकाळी बंद पडली. १९३७ साली शहरातल्या पिठाच्या कारखान्याचा माणूस मोटारीतून आला. त्याच्याजवळ कागद होता. पाती उतरवायची आणि इथे पुन्हा कधी दळायचं नाही, त्या बदल्यात बाबांना कारखान्यात कायमची नोकरी. शेतकरी आधीच मोटरवरच्या गिरणीकडे वळले होते. बाबांनी सही केली. पाती उतरवायला तीन माणसं आली तेव्हा बाबा घरात गेले आणि भर दुपारी दाढी करत बसले. सकाळीच केली होती, तरी पुन्हा केली. मी एकोणीस वर्षांची होते. बाहेर उभी राहून बघत होते. कप्पी ओढणारा एकजण म्हणाला, “पोरी, तोंड उघडं टाकून काय बघतेस?” मी म्हटलं, “कुठला खिळा कुठे आहे ते लक्षात ठेवतेय. परत लावताना तुमच्यासारख्यांना विचारायला नको.” तो हसला. तुझी आई सोळा वर्षांची होती, माझा हात धरून उभी होती. दीना तेव्हा माझा हात सोडत नसे.

आता अकराव्या पानावर ये. तिथे एकच ओळ आहे. ‘१९३७ ते १९८२ : या काळात इमारतीचा उल्लेखनीय असा वापर झाला नाही.’

पंचेचाळीस वर्षं, एक ओळ. तुझी लेखणी तिथे चांगली चालली हे कबूल करते.

तर ऐक. बाबा १९४६ मध्ये गेले. घर आणि जमीन दीनाच्या नावावर झाली, कारण तिचं लग्न तुझ्या वडिलांशी ठरलं होतं आणि आड्रियानला जमीन कसता येत होती. चक्कीचा कुणी विचारच केला नाही, म्हणून ती दोघी बहिणींच्या नावावर राहिली. मी दीनाच्याच घरात राहत होते. १९४८ च्या उन्हाळ्यात मला दिवस गेले. लग्न झालेलं नव्हतं. पाद्रीबाबांनी बोलावून सांगितलं की रविवारी सगळ्या मंडळीसमोर उभं राहून पाप कबूल करायचं. मी म्हटलं, “एकटी उभी राहणार नाही. हे एकटीने झालेलं नाही.” ते म्हणाले, “मग त्याचं नाव सांग.” मी म्हटलं, “नाव कशाला सांगू? तो येतो की दर रविवारी. तिसऱ्या बाकावर बसतो. त्यालाच म्हणा, उठ.” त्यानंतर मला नाव विचारणं बंद झालं. तिसऱ्या बाकावर सहा पुरुष बसत, सगळे घरंदाज, आणि पुढचे कित्येक रविवार त्या सहाही जणांच्या बायका माझ्याकडे बघत नव्हत्या. ते नाव मी तेव्हा घेतलं नाही आणि आजही घेणार नाही. त्याला वाचवायचं म्हणून नव्हे. माझ्या मुलीला मी वाढवलं, तिच्या गोष्टीत त्याला फुकटची जागा का द्यायची?

तुझे वडील चर्चच्या मंडळावर होते. ते म्हणाले, “नेला, या छपराखाली आता नाही.” आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही, पुढे होऊन दार मात्र उघडून धरलं. दीना शेगडीपाशी उभी राहून दूध ढवळत होती. ढवळतच राहिली. दूध उतू जायच्या बेतात नव्हतंच. मी हातगाडीवर एक पलंग, दोन पातेली आणि शिवणयंत्र टाकलं आणि गावातून भर दिवसा चालत गेले. मागच्या रस्त्याने जाता आलं असतं. मी चर्चसमोरून गेले.

चक्कीत कबुतरांशिवाय कुणी नव्हतं. विष्ठा टोपल्याटोपल्यांनी बाहेर काढली, भिंतींना चुना लावला, शेगडीचं धुराडं दोन मजले वर नेऊन खिडकीतून बाहेर काढलं. गोल भिंतीला कपाट टेकत नाही, पलंगाच्या मागे नेहमी एक फट राहते, त्यात सगळं हरवतं आणि वर्षभराने सापडतं. पहिल्या हिवाळ्यात वारा आत येऊन बसायचा, हक्काच्या पाहुण्यासारखा. यान्ना फेब्रुवारीत झाली. सुईण आली नाही. तिचा नवराही मंडळावर होता. मग माझं मीच केलं. कसं, ते पुरुषांनी वाचायच्या पत्रात लिहीत नाही, पण एकदा केलं की हात विसरत नाहीत, एवढं सांगते. आज ती यान्ना उट्रेख्तमध्ये मुलांना गणित शिकवते. नगरपालिकेच्या मते ती माणसांना राहायला अयोग्य अशा जागेत मोठी झाली आहे. तिचे विद्यार्थीही तसंच काहीतरी म्हणतात म्हणे.

मग पूर आला. त्याबद्दल पुढे लिहिते, आत्ता तो रविवार वगळते. पुरानंतर गाव वर्षभर रिकामं होतं. लोक परतले तेव्हा घराघरात खारा चिखल, कपाटात चिखल, लग्नाच्या चादरीत चिखल. मी एका पडक्या गोठ्यातून तांब्याचा मोठा हंडा उचलून आणला, खालच्या मजल्यावर चूल मांडली आणि कपडे उकळायला घेतले. कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा आली ती तान्या, पुरात नवरा गेलेली. चादरी घेऊन आली आणि परत गेलीच नाही, बाही वर करून उभी राहिली. नंतर तशाच आणखी दोघी आल्या. चक्की टेकाडावर आहे, इथे वारा कधी थांबत नाही. भिंतीतल्या जुन्या कड्यांपासून टेकाडाखालच्या खांबांपर्यंत आम्ही दोऱ्या बांधल्या. पाती नव्हती म्हणून काय झालं, वारा होता ना. त्याला पुन्हा कामाला लावला. समुद्रावरच्या हॉटेलांची धुणी आमच्याकडे, डॉक्टरची आमच्याकडे, शेवटी चर्चच्या वेदीवरचं कापडसुद्धा आमच्याकडे. ते मी दर वेळी इतकं पांढरं करून पाठवलं की पाद्रीबाबांना त्याच्याकडे बघताना माझी आठवण यावीच. मासेमार म्हणायचे, नेलाच्या चादरी दिसल्या की घर आलं. तेवीस वर्षं चाललं हे. घरोघरी यंत्रं आली तेव्हा आम्ही बंद केलं. चार बायका त्या चक्कीवर जगल्या, त्यांची नऊ मुलं जगली. आणि तू लिहिलंस, उल्लेखनीय वापर नाही.

गावात एकाच घराची धुणी आमच्याकडे कधी आली नाहीत. ते घर कुठलं हे तुला माहीत आहे, त्याच घरात तू वाढलास.

आता तो रविवार. एक फेब्रुवारी, १९५३. सकाळी उजाडलं तेव्हा टेकाडाच्या चारी बाजूंना पाणी होतं आणि मधून फक्त छपरं दिसत होती. बांध रात्रीच फुटला होता. दहा वाजल्यापासून माणसं यायला लागली. कुणी कोठाराच्या निखळलेल्या दारावर तरंगत, कुणी छातीभर पाण्यातून, कुणी शेळीला खांद्यावर घेऊन. तिसऱ्या बाकावरचेही आले. दुपारपर्यंत त्रेचाळीस माणसं झाली. कोण कुणाशी बोलत होतं आणि कोण नव्हतं, हे लक्षात ठेवायला जागाच उरली नव्हती. पाद्रीबाबा माझ्या बटाट्यांच्या पोत्यावर बसून प्रार्थना म्हणत होते. मी म्हटलं, “प्रार्थना चालू द्या, पण हात रिकामे आहेत तर ही बादली वर न्या.” त्यांनी नेली. तीनदा नेली.

दुपारी चर साफ करायच्या चपट्या होडीतून तुझे वडील आले. होडीत तुझी आई होती, घोंगडीत गुंडाळलेली, दिवस भरलेली. आड्रियान दारात थांबला. म्हणाला, “दीनाला आत घे. मी बाहेर थांबतो.” मी म्हटलं, “बाहेर समुद्र आहे, आड्रियान. आत ये आणि बूट काढ, फरशी आत्ताच पुसली आहे.” तो आत आला. बूट हातात धरून उभा राहिला, कुठे ठेवायचे ते कळेना त्याला.

होय, लीवेन. तुला आता कळायला लागलं असेल. दीनाला आम्ही जात्याच्या मजल्यावर नेलं, कारण धुराडं तिथून जातं आणि तीच एक जागा उबदार होती. दोन जात्यांच्या मधल्या जागेत गवताची गादी घातली. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “नेला, त्या दिवशी मी काही बोलले नाही.” मी म्हटलं, “आत्ताही बोलू नकोस. जोर लाव.” चारच्या सुमाराला दुसरी भरती आली, पहिलीपेक्षा मोठी. खालून माणसं ओरडून सांगत होती, पाणी दारापासून दोन पावलांवर, आता एका पावलावर. मी ऐकत नव्हते, कारण तू आला होतास आणि रडत नव्हतास. निळा पडला होतास. मी तुला पायांना धरून उलटा केला, पाठीवर मारलं, तोंडात बोट घालून घशातलं काढलं, पुन्हा मारलं. दीना विचारत होती, “काय झालं? का रडत नाही तो?” मी तुला शिव्या देत होते. खाली पाद्रीबाबांच्या कानांवर जातील अशा, ज्या मला येत होत्या त्या सगळ्या. मग तू रडलास. खालची त्रेचाळीस माणसं एकदम बोलायला लागली, हसायला लागली, कुणीतरी हुंदके देत होतं. पाणी उंबऱ्यापाशी येऊन थांबलं होतं, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बाबांच्या जुन्या पिठाच्या पोत्यात तुला गुंडाळलं. धुतलेलं होतं.

मंगळवारी मासेमारांची होडी आली. निघताना आड्रियान जिन्यात थांबला. म्हणाला, “नेला, मुलाच्या भल्यासाठी विचारतो. हे इथे झालं असं नको राहायला.” ज्या घराकडे बघू नका असं तो चर्चमध्ये सांगत होता, त्या घरात त्याचा मुलगा जन्मला होता. मला त्याला जिन्यावरून खाली ढकलता आलं असतं. मी दीनाकडे बघितलं. तिने खाली मान घातली आणि होकार दिला. मी म्हटलं, “ठीक आहे. तू जिवंत असेपर्यंत.” बुधवारी त्याने रॉटरडॅममध्ये तुझ्या जन्माची नोंद केली आणि तिथल्या रुग्णालयाचं नाव लावलं. पुराबद्दल नंतर गावात कुणी बोललंच नाही, प्रत्येक घरातून कुणी ना कुणी गेलेलं होतं. त्या गप्प राहण्यात तुझा जन्मही गेला. तू वाढदिवस चार तारखेला करतोस. तुला वाटतं त्यापेक्षा तू तीन दिवसांनी मोठा आहेस.

मी शब्द पाळला. रस्त्यात तू दिसलास की पाठीकडे बघायची, सरळ आहे ना. आड्रियान मे महिन्यात गेला. मातीला मी आले होते, सर्वांत मागे उभी होते. त्यानंतरही मी पाच महिने गप्प राहिले, कारण तो शब्द अर्धा दीनाचाही होता आणि ती जिवंत आहे. तुझ्या समितीला ती आपला हिस्सा देणार म्हणून तिने उन्हाळ्यात सही केली, तेही मला दुसऱ्याकडून कळलं. तरी गप्प राहिले. पाती लावायला माझा विरोध आहे असं समजू नकोस. लाव. मी तर सेहेचाळीस वर्षं वाट बघते आहे. पण पाती लावायची म्हणून माणसं काढायची, आणि मग इथे माणसं नव्हतीच असं छापायचं, हे मी चालू देणार नाही. एक तारखेला ज्यांना यायचं ते येवोत. मी खुर्ची दारात टाकून बसणार आहे.

आणि आता हे पत्र आजच का, ते सांगते. परवा, मंगळवारी दुपारी, तुझी आई टेकाड चढून आली. एकटी, हातात पिशवी. दारात उभी राहून धापा टाकत म्हणाली, “रविवारी चर्चमध्ये सगळे लीवेनच्या पुस्तकाचं कौतुक करत होते. मी मान डोलावत होते. घरी आले तर घास उतरेना. मला आत घे, नेला.” तीस वर्षांनी आली आणि आल्या आल्या माझा पलंग मऊ आहे म्हणून तक्रार केली. या क्षणी ती माझ्यासमोर बसून वाटाण्याच्या सूपसाठी कांदे चिरते आहे. म्हणाली, “तूच लिही त्याला. मी लिहायला घेतलं तर माफी मागण्यातच पान संपेल.” तर या रविवारी तू नेहमीप्रमाणे कॉफीला गेलास आणि दार बंद दिसलं, तर घाबरू नकोस, पोलिसांकडे धावू नकोस. तुझी आई हरवलेली नाही. ती जात्याच्या मजल्यावर झोपते, तिथेच झोपायचं म्हणाली, आणि परत जाणार नाही असंही म्हणाली. नोटरीकडे तिचा कागद अजून नोंदलेला नाही, हे मी विचारून घेतलं आहे. सही मागे घेत असल्याचं पत्र याच पाकिटात आहे. अक्षर तिचंच आहे, ओळखशील. तेव्हा एक तारखेला माणसं पाठवणार असशील तर त्यांना नीट समजावून पाठव की बाहेर काढायच्या म्हाताऱ्या आता दोन आहेत, आणि त्यातली एक तुझी आई आहे.

तुझीच,
नेलामावशी